कवच कोणाचे, विष कोणाला?

ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली. फर्ग्युसन महाविद्यालयातील विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांनी ती पेटविण्यात पुढाकार घेतला, लोकमान्य टिळक त्या सभेत बोलले आणि पुढे त्या तरुण विद्यार्थ्याला दंड व वसतिगृहातून हकालपट्टी अशी शिक्षा झाली. कापड हा राष्ट्राच्या स्वातंत्र्याशी निगडित विषय आहे, हे त्या होळीने हिंदुस्थानाला शिकविले. मँचेस्टरचे मलमल अंगावर मिरविणारा माणूस नकळत कोणाच्या तिजोरीत भर घालतो आणि कोणत्या विणकराच्या चुलीतला विस्तव विझवितो, हा प्रश्न तेव्हा घराघरांत विचारला गेला.

आज शंभरावर वर्षे लोटल्यानंतर तोच प्रश्न नव्या वेषात उभा आहे. दर वर्षी आषाढात पन्हाळगड ते पावनखिंड या मार्गावर हजारो तरुण पायी निघतात. बाजीप्रभूंच्या स्मृतीने उर भरून आलेली ही मुले महाराष्ट्राचे भूषण आहेत. परंतु त्यांच्या अंगावर काय आहे, याकडे क्षणभर पाहावे. दहा-पंधरा हजार रुपये मोजून घेतलेले परदेशी छापाचे जॅकेट, त्यावर 'जलरोधक' आणि 'श्वसनक्षम' अशा अर्थाच्या पट्ट्या, वीस हजार मिलिमीटरचा एक गूढ आकडा आणि आत घामाने चिंब झालेला सदरा! त्याच वाटेवरच्या वाडीतला म्हातारा घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन बांधावर उभा असतो व या चिंब पदयात्रिकांकडे कौतुकाने, काहीसे नवलाने पाहतो. दोघांपैकी शहाणा कोण, याचे उत्तर देण्याची घाई करू नये. कारण हेच जॅकेट सियाचीनच्या चौकीवरील जवानाच्या अंगावर असते, तर उत्तर अगदी उलट आले असते.

देश, काल आणि पात्र यांचा विचार करूनच दानापासून औषधापर्यंत सर्व गोष्टींचा निर्णय करावा, असे आपली परंपरा सांगते. वस्त्रालाही तोच नियम लागू आहे. पण बाजाराला देश नाही, काळ नाही आणि पात्र तर नाहीच नाही. त्याला केवळ ग्राहक ठाऊक आहे. म्हणूनच या कापडांचे शास्त्र समजून घेणे, त्यांची तुलना करणे आणि कोणते कापड कोणी, कोठे, कशासाठी घालावे हे ठरविणे हे केवळ गिर्यारोहकांचे काम राहिलेले नाही. ते राष्ट्राचा विचार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे काम आहे.

पाणी अडविण्याचे चार मार्ग

पाऊस अंगाला लागू नये यासाठी मानवाने आजवर ढोबळमानाने चार मार्ग शोधले. पहिला मार्ग लेपाचा. १८२३ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापडाचे एकस्व घेतले. ते उन्हात चिकट होई व थंडीत कडक. पुढे गंधकाच्या प्रक्रियेने रबर स्थिर झाले आणि रेनकोट जगभर पसरला. हिंदुस्थानात ही कला आली ती मात्र स्वदेशीचे बोट धरून. परदेशी शिक्षण घेतलेले आणि देशकार्यासाठी तुरुंगवास सोसलेले सुरेंद्र मोहन बोस यांनी १९२० मध्ये कोलकात्यात बेंगॉल वॉटरप्रूफचा उद्योग उभारला आणि 'डकबॅक' हे नाव घरोघरी पोहोचविले. शाळेची दप्तरे, रेनकोट, गरम पाण्याच्या पिशव्या या वस्तूंनी दोन-तीन पिढ्यांना सांगितले की, परकीय तंत्र आत्मसात करून ते स्वतःच्या मुठीत ठेवणे यालाच स्वदेशी म्हणतात. आज पदपथावर मिळणारे नायलॉनचे विंडचीटर याच कुळातले. आतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेले हे कापड स्वस्त असते, पाणी अडविते. पण घामही अडविते.

दुसरा मार्ग घट्ट विणीचा. १८७९ मध्ये इंग्लंडच्या थॉमस बर्बेरीने गॅबर्डीन विणले. सूतच आधी जलरोधक करून मग ते घट्ट विणायचे, ही त्याची युक्ती. दक्षिण ध्रुवावर गेलेले अमुंडसेन व स्कॉट यांच्या मोहिमांनी हे कापड वापरले. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर नाहीसा झालेला जॉर्ज मॅलरीही रेशीम, लोकर आणि सूत यांच्या थरांवर गॅबर्डीनच ल्यालेला होता. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली संस्थेने 'व्हेंटाइल' नावाचे लांब धाग्याच्या कापसाचे कापड विकसित केले. पाणी लागताच त्यातील कापसाचे तंतू फुगतात आणि विणीतील फटी आपोआप मिटतात. समुद्रात पडलेल्या ब्रिटिश वैमानिकांना या कापडाच्या पोशाखाने जगण्याची काही जास्तीची मिनिटे मिळवून दिली. ना रबर, ना रसायनाचा पापुद्रा. केवळ कापूस आणि विणकराची बुद्धी! ज्या भूमीने जगाला कापूस विणायला शिकविला, त्या भूमीत हे कापड प्रथम का विणले गेले नाही, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. गुलामगिरीने केवळ आपले माग मोडले नाहीत. मागावर बसून नवे काही करून पाहण्याची उमेदही मोडली, हे त्याचे उत्तर आहे.

तिसरा मार्ग पापुद्र्याचा. १९६९ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट गोर याने टेफ्लॉनचा तापविलेला दांडा झटक्याने ताणून पाहिला आणि तो न तुटता सच्छिद्र झाला. त्यातून गोरटेक्सचा जन्म झाला. एका चौरस इंचात सुमारे नऊ अब्ज छिद्रे असल्याचे ही कंपनी सांगते. पाण्याच्या थेंबाला ती छिद्रे फार लहान पडतात, वाफेच्या रेणूला मात्र पुरेशी मोठी. म्हणून पाऊस आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. पुढे पॉलियुरेथेन व पॉलिएस्टर यांचे छिद्रविरहित पापुद्रेही निघाले. त्यांत वाफ रेणूंना धरून धरून बाहेर सरकते.

चौथा मार्ग आपल्या परिचयाचा, पण आपणच विसरलेला. तो लोकरीचा. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश इतकी आर्द्रता पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. उलट ओलावा शोषताना थोडी उष्णता सोडते. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीचे सूत काढून, त्याला चिंचोक्याची खळ देऊन, सनगर समाजाच्या मागावर विणलेली घोंगडी हे या शास्त्राचे मराठी रूप आहे. तिच्या घट्ट, केसाळ पृष्ठभागावरून पाणी बराच वेळ ओघळून जाते, वारा अडतो आणि हवा खेळती राहते. भातलावणीला वाकलेल्या पाठीवरचे बांबू व पानांचे इरले हे त्याच शहाणपणाचे दुसरे रूप. ते अंगाला चिकटतच नाही. मग घाम कोंडणार कोठे?

वीस हजाराच्या आकड्याचे रहस्य

जॅकेटावरील पट्टीवर दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरचा. कापड ताणून बसवितात, त्यावर पाण्याचा दाब वाढवीत नेतात आणि थेंब पाझरू लागला की पाण्याच्या स्तंभाची उंची मोजतात. दुसरा आकडा चोवीस तासांत एक चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ बाहेर जाते त्याचा. हे दोन्ही आकडे प्रयोगशाळेतले आहेत. पहिला आकडा बहुतांशी खरा ठरतो. दुसऱ्याबाबत मात्र ग्राहकाला अर्धेच सत्य सांगितले जाते.

वाफ आपणहून बाहेर जात नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती बाहेर ओढली जाते. हिमालयात हवा गोठलेली व शुष्क असते. तेथे ही ओढ तीव्र असते. आषाढातल्या सह्याद्रीत मात्र हवा उबदार असते आणि आर्द्रता शंभराच्या घरात. बाहेरची हवाच वाफेने तुडुंब भरलेली असता आतली वाफ जाणार कोठे? ओढ क्षीण होते, चढणीवर घाम दुपटीने येतो आणि श्वसनक्षम म्हणून घेतलेले महागडे कापड प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे वागू लागते. त्यात आणखी एक गोष्ट घडते. जॅकेटाच्या बाहेरच्या कापडावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे ओघळावेत म्हणून एक रासायनिक लेप दिलेला असतो. धुण्याने आणि पाठपिशवीच्या पट्ट्यांच्या घर्षणाने तो लेप झिजतो. मग बाहेरचे कापड पाणी पिऊन जड होते आणि उरलासुरला श्वासही बंद पडतो.

या तुलनेत सह्याद्रीच्या पदयात्रिकाला काय उपयोगी पडेल? काखेत व पाठीत खुल्या फटी असलेले साधे लेपाचे विंडचीटर, पाठपिशवीसकट अंग झाकणारी सैल खोळ, आत लवकर वाळणारा सदरा आणि मुक्कामाला एक घोंगडी. हा सगळा सरंजाम देशात बनतो आणि त्या परदेशी जॅकेटाच्या किमतीचा एक अंशही त्याला लागत नाही. घोंगडीचे दोषही मान्य केले पाहिजेत. दिवसभराच्या मुसळधार पावसात ती भिजून जड होते, वाळायला वेळ लावते आणि कड्यावरच्या चढाईला ती उपयोगाची नाही. परंपरेचा अभिमान म्हणजे परंपरेची खोटी जाहिरात नव्हे. खोट्या जाहिरातीसाठी परदेशी कंपन्या समर्थ आहेत.

परंतु मेंढपाळाची व्यथा यापलीकडची आहे. घोंगडीची मागणी घटली, दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही. कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर धनगर बांधव टाकून देतात, कारण वाहतुकीचाही खर्च निघत नाही. एकीकडे मऊ लोकर ऑस्ट्रेलियातून आयात होते आणि दुसरीकडे आपल्याच माळरानावरची लोकर मातीत जाते. जाड लोकरीचे उबदार अस्तर, नमदा, घरांसाठी उष्णतारोधक थर असे कितीतरी उपयोग शक्य असता त्यावर संशोधनासाठी हव्या त्या प्रमाणात पैसा आणि बुद्धी खर्ची पडत नाही. विलायती 'मेरिनो'च्या बनियनाचे गुण रसाळपणे वर्णन करणाऱ्या शहरी सुशिक्षिताला आपल्या आजोबांच्या घोंगडीचा मात्र वास येतो. मेकॉले गेला, पण त्याने घडविलेले नाक अजून शाबूत आहे.

हिमालयात भावनेला स्थान नाही

आता दुसरे टोक. जे स्वदेशीचा अर्थ 'जुने ते सोने' एवढाच लावतात, त्यांनी १९६२ आठवावे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नामका चू नदीच्या काठी आपल्या सातव्या ब्रिगेडचे जवान उन्हाळी सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत चिनी सैन्यासमोर उभे केले गेले. 'हिंदी-चिनी भाई भाई'च्या स्वप्नात रमलेल्या दिल्लीला हिमालयात थंडी असते, याचाही विसर पडला होता. पुढच्या महिन्यात, १८ नोव्हेंबरला, लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह आणि १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीच्या शंभराहून अधिक वीरांनी प्राण अर्पिले. हिवाळा सरल्यावर त्यांचे देह सापडले, तेव्हा ते आपापल्या खंदकांत शस्त्रांसह गोठलेले होते. त्या वीरांच्या शौर्याला सीमा नव्हती. त्यांच्या अंगावरच्या कपड्यांना मात्र मर्यादा होती. आणि ती मर्यादा शत्रूने घातलेली नव्हती. ती दिल्लीच्या अनास्थेने घातलेली होती.

१३ एप्रिल १९८४ रोजी 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झाले आणि सियाचीनवर तिरंगा फडकला. या मोहिमेची एक कथा सांगितली जाते. लंडनमधील ज्या पुरवठादाराकडून भारत हिमवस्त्रे घेत होता, त्याच्याकडेच पाकिस्ताननेही तशी मागणी नोंदविली आणि त्यावरून शत्रूचा हेतू उघड झाला. कथा ऐकताना आपल्या गुप्तचरांचे कौतुक वाटते. पण तिचा दुसरा अर्थ शरमेचा आहे. दोन्ही सैन्यांची वस्त्रे शिवणारा शिंपी लंडनमध्ये बसलेला होता! ज्याला आपले माप ठाऊक, त्याला आपला बेतही ठाऊक.

सियाचीनवर उणे पन्नास अंशांपर्यंत तापमान उतरते. तेथे शत्रूच्या गोळीपेक्षा हिमदंश, हिमस्खलन आणि विरळ हवा यांनी अधिक बळी घेतले आहेत. अशा ठिकाणी अंगाशी ओल शोषून बाहेर टाकणारा थर, मध्ये ऊब धरणारा थर आणि बाहेर वारा व हिम अडवूनही वाफ जाऊ देणारा थर, अशी तीन पदरी रचना लागते. चौकीवर चढताना आलेला घाम तसाच राहिला, तर थांबल्यावर तो गोठतो आणि कपडाच वैरी होतो. येथे मेम्ब्रेन म्हणून ओळखला जाणारा तो पापुद्रा हौस राहत नाही, प्राणरक्षक होतो. येथे जवानाला जगातले सर्वोत्तम कापडच मिळाले पाहिजे. ते देशात बनत नसेल तर आज आयात करावे आणि उद्या देशात बनवावे. यात कोणताही वैचारिक संकोच नको.

पण तो 'उद्या' उजाडायला फार उशीर झाला. महालेखापरीक्षकांचा जो अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेपुढे आला, त्याने उंचावरील जवानांच्या साहित्यातील उणिवांवर बोट ठेवले. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बुटांची खरेदीच झाली नाही, म्हणून उपलब्ध बूटच दुरुस्त करून पुन्हा वापरावे लागले. हिमचष्म्यांचा मोठा तुटवडा होता. मुखपट, जॅकेटे आणि झोपण्याच्या पिशव्या जुन्या पद्धतीच्या घेतल्या गेल्या. लष्कराने पुढे हा तुटवडा भरून काढल्याचे सांगितले. त्याच वर्षी गलवाननंतर हजारो जादा जवान लडाखमध्ये हिवाळा काढण्यास सज्ज झाले, तेव्हा अमेरिकेकडून तातडीने हिमवस्त्रांचे संच आणावे लागले. सरकार कोणाचेही असो, जवानाच्या अंगावरील कापडाच्या बाबतीत दिरंगाईला क्षमा नाही. १९६२ च्या चुका उच्चारवाने सांगणाऱ्यांनी आपल्या माणसांच्या चुकांबाबत मौन धरले, तर त्या उच्चाराचे मोल राहत नाही.

आशेची बाजूही आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने अतिशीत हवामानासाठी तीन पदरी वस्त्रप्रणाली विकसित केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिचे तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांच्या हाती सोपविले. अधिक १५ ते उणे ५० अंशांच्या पल्ल्यासाठी ती आखलेली आहे. जानेवारी २०२५ मध्ये 'हिमकवच' या बहुपदरी वस्त्रप्रणालीच्या चाचण्या यशस्वी झाल्या. तिचा पल्ला उणे ६० अंशांपर्यंत आहे. २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियानही मंजूर झाले. दिशा योग्य आहे. प्रश्न आहे तो खोलीचा. शिलाई भारतात, नाव संस्कृत आणि आतला पापुद्रा, शिवणीवरील फीत व लेपाचे रसायन परदेशी, अशी स्वदेशी पुरेशी नाही. युद्धाच्या दिवशी पुरवठादार देशाने हात आखडता घेतला, तर नावाने ऊब येत नाही.

सोडलेले विष कोकणात

आता या कथेचा सर्वांत गंभीर भाग. ज्या रसायनांनी हे पापुद्रे आणि लेप घडविले, ती फ्लोरीन व कार्बन यांच्या अतूट बंधाने बांधलेली आहेत. निसर्गाला तो बंध सहजी तोडता येत नाही. म्हणून ती पाण्यात, मातीत आणि रक्तात साचत राहतात. जगाने त्यांना 'चिरंतन रसायने' असे नाव दिले आहे. अमेरिकेतील पार्कर्सबर्गच्या टेफ्लॉन कारखान्याच्या परिसरात वर्षानुवर्षे पाणी दूषित झाले. तेथील अभ्यासमंडळाने २०१२ पर्यंत मूत्रपिंड व वृषण यांच्या कर्करोगासह सहा विकारांशी 'पीएफओए' या रसायनाचा संभाव्य संबंध नोंदविला. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराने त्यावर निर्बंध आणले आणि २०२३ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात कर्करोगकारक ठरविले.

मग पाश्चात्त्य देशांना जाग आली. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कापडात या रसायनांच्या वापरावर बंदी घातली. फ्रान्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये कायदा करून २०२६ च्या आरंभापासून कपड्यांत ती निषिद्ध केली. सैनिक व अग्निशामक यांची संरक्षक वस्त्रे तेवढी वगळली. खुद्द गोर कंपनीने २०२२ पासून फ्लोरीनविरहित पॉलिथिलीनचा नवा पापुद्रा बाजारात आणला. स्वतःच्या मुलांना जपण्याचा त्यांचा हा विवेक योग्यच आहे. प्रश्न इतकाच, जे त्यांनी टाकले ते गेले कोठे?

त्याचे एक उत्तर इटलीतील त्रिसिनो गावात सापडते. १९६० च्या दशकात मार्झोत्तो या वस्त्रोद्योग समूहाने कापड जलरोधक करणाऱ्या रसायनांसाठी तेथे एक संशोधनशाळा व कारखाना काढला. पुढे तो 'मितेनी' या नावाने ओळखला गेला. २०१३ मध्ये उघड झाले की, व्हेनेतो प्रांतातील सुमारे साडेतीन लाख लोकांचे पाणी त्या परिसरातील रसायनांनी दूषित झाले आहे. मातांनी आपल्या मुलांच्या रक्तातील विषाचे आकडे अंगरख्यावर छापून रस्त्यावर लढा दिला. २०१८ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने ११ अधिकाऱ्यांना एकत्रित १४१ वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली.

आणि त्या कारखान्याची यंत्रसामग्री? ती लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली, जहाजातून आणली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत उभी राहिली! समुद्र मागे हटवून भगवान परशुरामांनी जी भूमी वसविली अशी श्रद्धा आहे, त्या भूमीत इटलीने दारातून हाकललेली भट्टी पेटली. नियमांचे पालन होत असल्याचे कारखान्याच्या बाजूने सांगितले जाते. तेथून जॅकेटांचे लेप निघतात असा आरोप येथे केलेला नाही. अशा कारखान्यांचा माल औषधे, कीटकनाशके आणि इतर उद्योगांकडेही जातो. परंतु परवाना ही विषाची परीक्षा नव्हे. त्रिसिनोतही कारखाना कायद्याच्या डोळ्यांदेखत दशकानुदशके चालला होता. दाभोळच्या खाडीत मेलेल्या माशांचा खच पाहिलेल्या भोई बांधवांना कागदावरच्या आश्वासनांचे मोल शिकविण्याची आवश्यकता नाही.

'विकासाला विरोध' हा खोटा शिक्का

येथे दोन बाजूंनी आक्षेप येईल. पुरोगामी म्हणविणारे म्हणतील, स्वदेशीवाल्यांना विज्ञान नको आहे. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, मापाचा आकडा वाचून न समजता पैसे मोजणे हे विज्ञान नव्हे. ती नवी अंधश्रद्धा आहे. पट्टीवरील वीस हजार या अंकापुढे हात जोडणारा आणि ताईतापुढे हात जोडणारा यांत फरक एवढाच की, ताईत स्वस्त असतो.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातून येईल. कारखाना भारतीयाचा आहे, रोजगार मिळतो, निर्यात होते. मग हे स्वदेशी नाही का? नाही. मालक भारतीय असल्याने उद्योग स्वदेशी होत नाही. ज्याने या भूमीचे, तिच्या पाण्याचे आणि तिच्या लेकरांचे पोषण होते तेच स्वदेशी. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शनात व्यक्ती, समाज आणि निसर्ग यांचा एकत्र विचार मांडला. नदी मारून कमावलेल्या परकीय चलनाला त्या दर्शनात जागा नाही. गंगेला माता म्हणणाऱ्यांनी वाशिष्ठीला मावशीही मानू नये काय?

कर्तव्य

मग करावे काय? पहिले कर्तव्य ग्राहकाचे. जॅकेट घेताना पट्टीवरील आकड्याच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. हे मला कोठे घालायचे आहे? यातील लेप फ्लोरीनविरहित आहे का? झिजल्यावर ते दुरुस्त करता येईल का? पुण्या-मुंबईच्या पावसाला, शाळेच्या सहलीला, गडावरच्या शिबिराला देशी विंडचीटर आणि घोंगडी पुरते. मुलाच्या वाढदिवसाला परदेशी नाममुद्रा घेण्याऐवजी त्या पैशांत त्याच्यासह तीन मित्रांची सोय होते, हे आईवडिलांनी त्याला समजावून सांगावे.

दुसरे कर्तव्य उद्योगाचे. १९०४ मध्ये, म्हणजे पुण्याच्या होळीच्या आदल्याच वर्षी, इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला. त्या एका मागातून 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' उभे राहिले. आज तेथे माग आहेत, वस्त्रअभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे आणि कारागिरांच्या पिढ्या आहेत. लांब धाग्याचा कापूस घट्ट विणून व्हेंटाइलच्या तोडीचे कापड निर्माण करणे या गावाला अशक्य नाही. फ्लोरीनविरहित पापुद्रा हे जगासाठीही नवे क्षेत्र आहे. तेथे पाश्चात्त्यांची आघाडी पन्नास वर्षांची राहिलेली नाही. ही शर्यत आरंभापासून धावण्याची संधी राष्ट्राच्या आयुष्यात वारंवार येत नाही.

तिसरे कर्तव्य शासनाचे. जवानाच्या वस्त्रातील प्रत्येक थर, धाग्यापासून शिवणीच्या फितीपर्यंत, देशात बनविण्याची कालमर्यादा जाहीर व्हावी. बाजारातील प्रत्येक जलरोधक कपड्यावर त्यातील रसायनांचा उल्लेख सक्तीचा व्हावा. लोटे येथील पाणी, माती आणि मासळी यांची स्वतंत्र तपासणी करून निष्कर्ष मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले जावेत. जे व्हेनेतोच्या मातेला अनेक वर्षांनी कळले, ते खेड-चिपळूणच्या मातेला आजच कळले पाहिजे.

१९०५ ची होळी सोपी होती. ते कापड कापसाचे होते. जळून राख झाले आणि राख मातीत मिसळली. आजची जॅकेटे जाळण्याचाही मार्ग उरलेला नाही, कारण त्यांच्या धुरातही विष आहे. यावेळी जाळायची आहे ती परक्यांचा छाप पाहिल्याशिवाय ऊब न वाटणारी मनोवृत्ती आणि परक्यांनी टाकलेले ताट आपल्या अंगणात मांडणारी लाचारी. सियाचीनच्या चौकीवरचा जवान, आषाढातल्या बांधावरचा शेतकरी आणि वाशिष्ठीच्या काठचा भोई या तिघांनाही जे वस्त्र निर्धोक वाटेल, तेच या राष्ट्राचे खरे कवच. ते विणण्याचे सामर्थ्य या समाजात आहे. माग आपल्याच दारात उभा आहे; त्यावर बसण्याचा निश्चय तेवढा व्हावयाचा आहे.